नाना बसले होते

नाना आम्हाला योग शिकवायचे आणि त्यांना स्वतःला जेमतेम तीन आसनं येत होती. शीर्षासन नाही, मयूरासन नाही. पाय पसरून पुढे वाका म्हटलं तर त्यांचे हात घोट्यापर्यंत पोचायचे आणि तिथेच थांबायचे. पहिल्या दिवशी मी हे पाहिलं आणि मनात म्हटलं, झाली का पंचाईत. गुडघेदुखीवर काही उपाय होईल म्हणून मी सकाळी सहाला चार जिने चढून गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडखाली आले होते, आणि समोर हा उंच, काळासावळा, पंचाहत्तरीचा म्हातारा मांडी घालून सांगत होता, "बसा." आम्ही बसलो. पाच मिनिटांनी मी विचारलं, "पुढे काय?" तर म्हणाले, "पुडं काय नाय. हाच."

मी अठ्ठावीस वर्षं दवाखान्याच्या केसपेपरच्या खिडकीत बसलेली बाई. नाव, वय, पत्ता, काय होतंय, कधीपासून होतंय, पुढचे. माझ्या तोंडाला लोक भ्यायचे आणि मला त्याचं फार वाईट वाटत नसे, कारण बाराच्या आत रांग संपवायची तर गोड बोलून भागत नाही. लग्न केलं नाही. आई होती तोवर घरात बोलायला कुणीतरी होतं. ती गेली, पाठोपाठ मी निवृत्त झाले, आणि नालासोपाऱ्यातल्या आचोळ्याच्या आमच्या दोन खोल्यांत टीव्ही सोडला तर कुणाचा आवाज उरला नाही. गुडघे हे निमित्त होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही. मला सकाळी उठून कुठेतरी जायचं होतं.

नानांना अर्धांगाचा झटका आला त्या सकाळी मी काहीतरी पाहिलं आणि ते सगळ्यांपासून लपवलं. ते सांगितल्याशिवाय मला नानांबद्दल एक ओळही धड लिहिता येत नाही. पण नाना कसे होते हे आधी कळलं नाही, तर मी तशी का वागले हे कुणाला पटायचं नाही. म्हणून आधी नाना. त्यांची बोली मला नीट लिहिता येत नाही, ती त्यांच्या तोंडूनच ऐकायला हवी होती.

नाना मूळचे नायगावकडच्या मिठागरांच्या गावातले. बापजाद्यांपासून मीठ पिकवणारं घर. मिठागर बंद पडलं, मुलाने घर विकून आमच्या शेजारच्या इमारतीत तळमजल्याला फ्लॅट घेतला आणि वर्षभरात त्याची बदली गुजरातेत झाली. मुलगा, सून, नातवंडं तिकडे गेली आणि नाना इथे राहिले. बायको आधीच वारलेली. मुलगी वैशाली अलिबागकडे दिलेली, ती सणावाराला यायची. ज्याने जन्मभर उघड्यावर पाण्याकडे बघत काम केलं, त्याच्या खिडकीतून आता समोरच्या इमारतीचे सांडपाण्याचे पाइप दिसायचे. मी एकदा विचारलं, "नाना, करमतं का हो इथे?" ते म्हणाले, "करमायला काय हाय? नाय करमला तरी दिवस जातोच." आणि हसले. दात सगळे शाबूत होते त्यांचे.

त्यांना योग शिकवला एका गोसाव्याने. नाना विशीत असताना तुंगारेश्वराच्या डोंगरात एक कानफाट्या जोगी येऊन राहिला होता. नाना बैलगाडीतून पायथ्याच्या गावांना मीठ पोचवायला जायचे. एकदा त्याला चिमूटभर मीठ हवं होतं म्हणून वर गेले आणि मग चार महिने जातच राहिले. गोसाव्याने तीन आसनं शिकवली. चौथं विचारलं तर म्हणाला, पाठ आणि मांड्या बसण्याजोग्या व्हाव्यात म्हणून ही तीन, बाकीची हौस. पावसाळा तोंडावर आला तसा तो एका सकाळी निघून गेला. कुठे, ते सांगितलं नाही. नाना वर गेले तेव्हा चूल गार होती. "चिडलो लय," नाना म्हणायचे. "मंग म्हनलं, आलोच हाय तर बसतो." तेव्हापासून ते रोज बसत होते.

आमच्या गटात पाध्ये नावाचे एक निवृत्त इंजिनिअर होते. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना गप्प बसवत नसे. त्यांनी एकदा योगाचा रंगीत तक्ता आणून खांबाला लावला आणि कोणत्या काळात कोणत्या ऋषींनी काय सांगितलं, योगाची अंगं किती, हे सगळं अर्धा तास समजावून दिलं. मधूनच नानांना म्हणाले, "प्रानायाम नाही हो नाना, प्राणायाम." नानांनी दोनदा प्रयत्न केला आणि म्हणाले, "तुमी म्हना, मी करतो." माझं डोकंच फिरलं. मी पाध्यांना जिन्यात गाठून सांगितलं की तुम्हाला शिकवायचंच असेल तर उद्यापासून तुम्ही पुढे बसा, मी येणार नाही. ते ओशाळले. नानांना हे कळलं तेव्हा ते माझ्यावरच रागावले, म्हणाले, "त्यांचा काय चुकला? मला खरंच येत नाय."

पण त्याच दिवशी, तक्त्याचं व्याख्यान संपल्यावर, नानांनी हात जोडून सांगितलं होतं, "पाध्येसाहेब, तुमी बोलता ते खराच असंल. माझ्या गोसाव्यानं मातर येगला सांगितला. म्हनायचा, घर नाय, गाव नाय, पाठीमागं रडनारा कोन नाय, असा एक मानूस पैल्यांदा रानात बसला. त्याला भीती वाटली. भीती वाटली की श्वास वर चढतो. तो त्यानं बगितला. बगता बगता श्वास खाली आला. तितनं योग चालू झाला." पाध्यांनी विचारलं, "याला काही पुरावा?" नाना म्हणाले, "पुरावा नाय. तुमाला भीती वाटंल तवा बगा." आई गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी दुपारी मी तशीच बसले होते, श्वास वर चढलेला, आणि काय करायचं ते सांगायला कुणी नाही. तो रानातला माणूस मला पाध्यांच्या सगळ्या ऋषींपेक्षा जवळचा वाटला.

फिलूबाय आमच्यातली सगळ्यात कष्टाची. भुईगावच्या वाडीतली भाजी घेऊन ती पहाटे नालासोपाऱ्याला यायची, टोपल्या बाजारात बहिणीपाशी ठेवायची आणि कंबर दुखते म्हणून तासभर आमच्यात येऊन बसायची. पहिल्या आठवड्यात तिने गळ्यातला क्रूस मुठीत धरून विचारलं, "नाना, मी ओम् नाय बोलले तर चालंल ना? घरी विचारतात." नाना म्हणाले, "नको बोलू. तुला काय बोलायचा तो बोल, नायतर गप बस. गप बसायला कोनाची परवानगी लागत नाय." तेव्हापासून आम्ही ओम् म्हणायचो तेव्हा ती ओठांतल्या ओठांत आपली प्रार्थना म्हणायची आणि नाना तिची संपेपर्यंत थांबायचे. तिची आमच्यापेक्षा लांब असायची.

एका फेब्रुवारीत त्यांनी आम्हाला मिठागरं दाखवायला नेलं. त्यांच्या गावातलं एकच शिल्लक होतं, तेही दुसऱ्या कुणाचं. वाफ्यांत पाणी उभं होतं आणि कडेकडेने मिठाची साय धरत होती. पाध्ये वाकून बोट बुडवायला गेले तर नानांनी त्यांचा हात धरला. "हालवू नका. हालवला की बारीक पडतो. उभा राहू द्या, मंग खडा धरतो." थोड्या वेळाने आपणहून बोलले, "मीठ आपन आनत नाय. ते पान्यात हायच. आपन पानी अडवायचा आनि हात लावायचा नाय, बाकी ऊन बगतो. गोसावी म्हनायचा, तुला योग शिकवायची गरजच नाय, तुझा बाप रोज करतो." पाध्यांनी वही काढून ते लिहून घेतलं, हे मला आवडलं.

मी मात्र वाकड्यात शिरले. म्हटलं, "नाना, योग म्हणजे जोडणं असं पाध्ये म्हणतात. ज्याला जोडून घ्यायला कुणीच नाही त्याने काय करायचं?" मी हसत विचारलं होतं, पण आवाज हसरा निघाला नाही. नानांनी बांधावरचा एक खडा पायाने बाजूला सारला. मग म्हणाले, "ज्याला समदी हायत ना बाय, तोबी बसतो तवा एकलाच बसतो." मी विचारलं तुमचं घर कुठे होतं, तर त्यांनी हात करून एक पत्र्याची गोदामं असलेली जागा दाखवली. निघताना आम्ही रिक्षात बसलो तरी ते आले नाहीत. बांधावर पाठमोरे उभे होते. फिलूबायने हाक मारली, पण त्यांना ऐकू गेली नाही, की गेली आणि ते वळले नाहीत, कोण जाणे.

योग दिनाला मैदानावर सगळ्यांना पांढरे टीशर्ट वाटले आणि परिसरातले जुने योगशिक्षक म्हणून नानांना मंचावर बसवलं. फोटो काढणारा त्यांना म्हणाला, "काका, जरा काहीतरी करून दाखवा ना." नाना म्हणाले, "करतोय ना. बसलोय." तो म्हणाला, फोटोत तसं काही दिसत नाही. शेवटी त्याने शेजारच्या मुलीचा वृक्षासनातला फोटो घेतला आणि त्यात नानांचा एक गुडघा तेवढा आला. तो गुडघा असलेला फोटो आम्ही महिनाभर एकमेकांना पाठवत होतो. नानांना दाखवला तर म्हणाले, "चांगला आलाय. दुकतो त्योच हाय हा."

माझ्याच एका प्रश्नाने पुढचं सगळं घडलं, असं मला अजून वाटतं. एकदा मी विचारलं, "नाना, समाधी समाधी म्हणतात ती लागते म्हणजे नक्की काय होतं?" नानांनी गोसाव्याचं सांगितलं. तो बसला की कधी कधी त्याचं तोंड उघडं पडायचं, कोपऱ्यातून लाळ गळायची, माशी ओठावर फिरायची आणि त्याला पत्ता नसायचा. डोळे अर्धे उघडे. "बगनाऱ्याला वाटावा, गेला म्हातारा. आनि उटला की पोरासारका हसायचा." मी म्हटलं, "आणि तुम्हाला? तुम्हाला लागली कधी?" नाना म्हणाले, "मला? माशी बसायच्या आदी मी हाकलतो." आम्ही सगळे हसलो. तेही हसले.

बसण्याचा त्यांचा नियम एकच होता. डोळे मिटले की ते स्वतः "झाला" म्हणेपर्यंत उघडायचे नाहीत. घड्याळ नाही, घंटा नाही. कधी वीस मिनिटांनी म्हणायचे, कधी चाळीस. पाध्यांनी मोबाइलवर मंजुळ घंटा लावायची सूचना केली तेव्हा नाना नको म्हणाले, आणि पाध्ये हट्टाला पेटले तेव्हा मी नानांच्या बाजूने इतकी भांडले की तो विषयच मिटला. खरी गंमत ही की तो नियम फक्त मी पाळत नव्हते. खिडकीत बसून लागलेली सवय. कोण आलंय, कोण घुसतंय, रांग कुठवर आहे, यावर नजर ठेवल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. मी दर दोन-चार मिनिटांनी एक डोळा किलकिला करायचे. सगळे मिटून बसलेले, आणि नाना न पाहता हळूच म्हणायचे, "बाय, रांग संपली का?" त्यांना ते कसं कळायचं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

मागच्या वर्षीची गोष्ट. पाऊस सरून ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं होतं. त्या सकाळी आम्ही चौघंच होतो, नाना, पाध्ये, फिलूबाय आणि मी. आसनं झाली, बसलो. काही वेळाने मी सवयीने डोळा उघडला. नाना बोलले नाहीत. म्हणून मी दोन्ही डोळे उघडून नीट पाहिलं. त्यांची मान जराशी कलली होती. तोंड एका बाजूने सैल पडलं होतं आणि कोपऱ्यातून लाळेची बारीक धार दाढीवर आली होती. डोळे अर्धे उघडे. उजवा हात गुडघ्यावरून घसरून सतरंजीवर पडला होता, तळवा वर.

आणि मला काय वाटलं? मला वाटलं, लागली. नानांची समाधी लागली.

खिडकीत अठ्ठावीस वर्षं काढलेली बाई मी. वाकड्या तोंडाची माणसं रिक्षातून उतरवताना शेकड्यांनी पाहिलेली. "कधीपासून झालं हे? आणि इतका वेळ काय करत होतात?" असं त्यांच्या नातेवाइकांवर खेकसणारी. पण त्या गच्चीवर मला त्यातलं काहीसुद्धा आठवलं नाही. मला गोसावी आठवला. मी आनंदले. खरं सांगायचं तर आधी हेवा वाटला, मग आनंद झाला, आणि मग आपल्या चोरट्या डोळ्यांची इतकी लाज वाटली की मी ते घट्ट मिटून घेतले. नानांना त्रास नको म्हणून श्वाससुद्धा हलका घेतला. तशी मी त्याआधी कधी बसले नव्हते आणि त्यानंतर बसलेली नाही. गुडघे गेले, पाठ गेली, घरातला रिकामा सोफा गेला. फार छान वाटत होतं, देवा.

किती वेळ गेला ते मला नंतर हिशेब जुळवल्यावर कळलं. पंचवीस मिनिटं तरी. शेवटी फिलूबायच उठली. ऊन चढत होतं आणि तिची भाजी सुकत होती. ती नानांजवळ जाऊन हळूच म्हणाली, "नाना, माझी पालेभाजी जाईल हो," आणि तिने त्यांच्या खांद्याला हात लावला. नाना एका अंगावर कलंडले. ती किंचाळली नाही. तिने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि मला म्हणाली, "ताई, रिक्षा."

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून झालं हे?" माझाच प्रश्न, माझ्याच सुरात. पाध्ये रडवेले होऊन म्हणाले, "डॉक्टर, आम्ही सगळे डोळे मिटून बसलो होतो. ते सांगेपर्यंत उघडायचे नाहीत असा नियम आहे." डॉक्टरांनी आमच्याकडे कसं पाहिलं ते मी विसरणार नाही. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही? तुम्हीही पाहिलं नाही?" मी म्हटलं, "नाही. माझेही डोळे मिटलेले होते." इतकं सरळ खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते. डॉक्टर म्हणाले, यात मिनिटामिनिटाला महत्त्व असतं, वीस-पंचवीस मिनिटं आधी आणलं असतं तर बरं झालं असतं. कुणाला दोष द्यायचा म्हणून ते बोलले नाहीत, पण मला ते नेमकं लागलं.

नाना वाचले. उजवं अंग गेलं आणि बोलणं जवळजवळ गेलं. वैशाली येऊन राहिली. गच्चीवरचा वर्ग आपोआप बंद पडला, कारण पाध्यांनी चार दिवस घंटा लावून पाहिली आणि घंटा वाजली की आम्ही तिघं एकमेकांकडे बघायचो नाही. पाध्ये स्वतःला दोष देत होते की मी घंटेसाठी अजून भांडायला हवं होतं. फिलूबाय म्हणायची, माझी प्रार्थना त्या दिवशी लवकर आटपली असती तर. दोघांनी आपला नसलेला दोष गळ्यात घेतला होता आणि जिचा होता ती मी त्यांची समजूत काढत होते. मी रोज संध्याकाळी नानांकडे जायचे. त्यांना पेज भरवायचे, पेपर वाचून दाखवायचे, वैशालीला म्हणायचे तू जरा बाजारात जाऊन ये. आम्ही दोघंच उरलो की वाटायचं, आता सांगावं. मग मी पेपरातली आणखी एक बातमी वाचायचे.

डिसेंबरात वैशालीने सांगितलं की ती त्यांना अलिबागला घेऊन जाणार आहे, फ्लॅट भाड्याने देऊन टाकणार आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी येणार होती. त्या संध्याकाळी ती औषधं आणायला गेली. नाना खुर्चीत उशा लावून बसलेले, समोर ते पाइप. मी पेपर उघडलाच नाही.

मी म्हटलं, "नाना, त्या दिवशी मी डोळे उघडले होते." त्यांनी माझ्याकडे मान वळवली. मी सगळं सांगितलं. मान कललेली, लाळ, हात, अर्धे डोळे. मला गोसावी आठवला ते. मी पुन्हा डोळे मिटले ते. डॉक्टरांना काय सांगितलं ते. सांगताना मी रडत नव्हते, खिडकीतून माहिती द्यावी तशी एकसुरात सांगत होते, कारण थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं. सांगून झालं आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. ते आता तोंड फिरवतील याची मी वाट बघत होते.

त्यांनी डावा हात हलवून मला जवळ बोलावलं. एकेक शब्द त्यांना शोधून काढावा लागायचा. "तुला," ते म्हणाले. बराच वेळ गेला. "लागली... वाटला?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच तू म्हटलं होतं. मी म्हटलं, "हो."

"खरा?"

मी वर पाहिलं. नानांच्या डोळ्यांत तेव्हा जे होतं ते मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. ते अधीर झाले होते. पन्नासाहून जास्त वर्षं हा माणूस रोज बसत होता, आम्हाला म्हणत होता पुढे काही नाही, फक्त बसायचं, आणि इतकी वर्षं तो त्या एकाच गोष्टीची वाट बघत होता. कुणाला म्हणून कळू दिलं नव्हतं. ती रक्ताची गुठळी होती हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं, डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं होतं. तरी ते विचारत होते. त्या वेळी त्यांना पाहिलेलं माणूस जगात मी एकटीच होते.

"खरंच, नाना," मी म्हटलं. "मला हेवा वाटला तुमचा."

त्यांनी डोळे मिटले आणि डाव्या हाताने माझं मनगट धरून ठेवलं. तोंडाची चांगली बाजू हलली, ती हसायला की रडायला ते मला कळलं नाही. वैशाली परत येईपर्यंत आम्ही तसेच होतो. मग तिने दिवा लावला, बॅगा भरायच्या होत्या, आणि मी घरी आले.

फेब्रुवारीत तिचा फोन आला, नाना गेले म्हणून. सकाळी चहा पाजायला गेली तर गेलेले होते. मी पाध्यांना कळवलं, बाजारात जाऊन फिलूबायला सांगितलं. तिने टोपली बाजूला सरकवून मला तिथेच फळीवर बसवलं आणि पाणी दिलं. त्या दोघांना मी त्या सकाळचं अजून सांगितलेलं नाही. हे वाचतील तेव्हा कळेल.

सकाळी मी घरीच सतरंजी टाकून बसते. कधी जमतं, कधी नाही. डोळे उघडले तर आता विचारणारं कुणी नाही. नानांच्या त्या शेवटच्या संध्याकाळबद्दल मी पुष्कळ विचार करते, आणि दर वेळी एकाच ठिकाणी येऊन थांबते. मी त्यांच्याकडे माफी मागायला गेले होते. त्यांनी असं काही विचारलं, की ती मागायची राहूनच गेली.